सोयाबीनची धूळ, पडलेला वारा आणि दादाचा ताप

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाकडे दिवेलागणीला निघालात, तर गावाच्या आधी गावावरचा पांढुरका थर दिसतो. चुलीचा धूर आणि सोयाबीनच्या मळणीची धूळ त्यात मिसळलेली असते. वारा पडलेला असतो, थंडी उतरू लागलेली असते आणि तो थर घरांच्या माळवदाएवढ्या उंचीवर अंथरल्यासारखा पडून राहतो. खाली ट्रॅक्टर घरघरत असतो. यंत्राच्या तोंडाशी काड लोटणारा गडी डोळ्यांपुरता उघडा असतो, बाकी सगळा टॉवेलात. पाचेक मिनिटांनी तो बाजूला होतो, खोकतो, थुंकतो आणि पुन्हा उभा राहतो.

शेतकरी बंधुभगिनींनो, कृषी विस्ताराच्या नोकरीत मी अशी यंत्रे शेकड्यांनी पाहिली. दाणा फुटतो का, ड्रमचा वेग किती, भुसकटात दाणा जातो का, एवढेच मी पाहत आलो. काड लोटणाऱ्या गड्याच्या छातीत काय जाते, हे कधी पाहिले नाही. ते पाहायला मला माझ्या थोरल्या भावाने लावले, आणि त्यात माझाही दोष होता. तो पुढे सांगतो. आधी दूरच्या एका गावाची गोष्ट ऐका, कारण तीही सोयाबीनचीच आहे.

स्पेन देशात बार्सिलोना नावाचे मोठे बंदर आहे. १९८१ सालापासून तिथे एक विचित्र प्रकार सुरू झाला. एरवी शांत असलेल्या दवाखान्यांत एखाद्या दिवशी अचानक दम्याच्या रोग्यांची रीघ लागे. काही तासांत माणसांमागून माणसे धापा टाकत येत, काही दगावतही. दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा शांत. १९८७ सालापर्यंत असे २६ दिवस नोंदले गेले. डॉक्टरांनी कारखान्यांचा धूर तपासला, परागकण तपासले, पण मेळ बसेना. शेवटी बंदरातल्या जहाजांच्या नोंदी काढल्या. तेव्हा उघड झाले, की १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत दम्याची साथ उसळली त्या तेराच्या तेरा दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते. ज्या कोठारात ते ओतत, त्याला धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या. सोयाबीनच्या दाण्यावरच्या सालीची बारीक धूळ उडून शहरावर जात होती.

आता खरी मेख पाहा. सोयाबीन तर बंदरात कितीतरी दिवस उतरत असे. मग साथ ठरावीक दिवशीच का यावी? कारण त्या दिवसांचे हवामान. हवा जवळजवळ पडलेली, आणि जी काही मंद झुळूक होती ती बंदराकडून शहराकडे. जोराचा वारा असता तर धूळ पांगली असती. वाऱ्याचे तोंड उलटे असते तर समुद्रावर गेली असती. धूळ तीच, पण हवेने तिला कुठे नेले आणि किती दाट ठेवले, यावर रोग ठरला. कोठाराला गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या.

हे वाचले तेव्हा मला आमच्या गावावरचा तो पांढुरका थर आठवला.

हवेचे झाकण

हिवाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी जमीन लवकर थंड होते. जमिनीलगतची हवाही थंड आणि जड होते, वरची मात्र उबदार राहते. एरवी खालची हवा तापून वर चढते आणि धूळ-धूर घेऊन जाते. आता उलटे झाल्यामुळे वर झाकण ठेवल्यासारखे होते. खाली जे उडेल ते खालीच राहते. सकाळी ऊन चढून जमीन तापली, की नऊ-दहाच्या सुमारास हे झाकण उचलले जाते. म्हणून भर दुपारी उडालेली धूळ आणि रात्री आठला उडालेली धूळ यांत फरक आहे. दुपारची उडून पांगते. रात्रीची गावात मुक्काम करते, आणि पाळण्यातल्या पोराच्या नाकापर्यंत जाते.

किती वेळ मुक्काम करते, याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण निश्चल हवेत १ मीटर खाली यायला पाच-साडेपाच मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला साधारण ८ तास लागतात! म्हणजे यंत्र रात्री दहाला बंद झाले, धूळ बसली असे डोळ्यांना वाटले, तरी न दिसणारी धूळ पहाटेपर्यंत हवेतच असते. आणि नेमकी तीच घातक. मोठा कण नाकातल्या केसांत, घशातल्या चिकट स्रावात अडकतो आणि शेंबडातून, बेडक्यातून बाहेर पडतो. ५ मायक्रॉनच्या आतला कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत उतरू शकतो. तिथे झाडलोट करणारी व्यवस्था फार हळू चालते.

आपले वाडवडील हे शब्द जाणत नव्हते, पण वारा जाणत होते. वावडीवर उभे राहून धान्याला वारे देताना वाऱ्याकडे पाठ असे. वारा पडला की उफणणी थांबे, मग माणसे खळ्यावर बसून वाट पाहत, बैलांना वैरण टाकत, गप्पा मारत. यंत्र आले आणि वाऱ्याची गरज संपली. गरज संपली म्हणून आपण त्याच्याकडे बघणेही सोडले.

दादाचा ताप

आता घरची गोष्ट. माझा थोरला भाऊ गावी शेती करतो. नऊ एकर सोयाबीन, आणि ट्रॅक्टरवर चालणारे स्वतःचे मळणी यंत्र. घरचे झाले की आसपासच्या गावांतही भाड्याने जाई.

२०१९ सालचा ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेल. काढणी झाली आणि परतीचा पाऊस थांबेना. दादाने फोन केला, "काड ओलं हाय, काय करू?" मी चटकन सांगितले, "गंजी लाव आणि ताडपत्रीनं घट्ट झाकून टाक." माझ्या डोक्यात फक्त वरचे पाणी होते. आतले पाणी मी विसरलो. कृषी पदवीधर माणसाने विसरू नये अशी ही गोष्ट. ओले काड दाबून झाकले, की ते आतून तापते. हात घातला तर चटका बसावा इतके. त्या ऊबेत बुरशी आणि उष्णता आवडणारे सूक्ष्म जीव माजतात. बारा-तेरा दिवसांनी गंजी उघडली तेव्हा काड काळे-पांढरे झाले होते आणि त्याला कुबट वास येत होता. ते यंत्रात गेल्यावर करडा लोट उठला.

त्याच रात्री दादाला हुडहुडी भरली. ताप, अंग ठणकणे, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी. एका दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी बरे वाटले, म्हणजे गोळ्या लागू पडल्या असे सगळ्यांनी धरले. चार दिवसांनी दुसऱ्या गावात मळणी, पुन्हा रात्री ताप. दुसऱ्या दवाखान्यात टायफॉइड म्हणून सलाईन लावले. हंगाम संपला, ताप संपला. विषयही संपला.

२०२० साली पुन्हा तोच ओला ऑक्टोबर, त्यात कोरोनाचे दिवस. मळणीच्या तिसऱ्या दिवशी ताप आणि खोकला आला तशी गावात पळापळ झाली. तपासणी झाली, ती निघाली कोरोना नसल्याची. तरी भीतीपोटी दादाला चौदा दिवस शेतातल्या आखाड्यावर एकटे ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ताप नाही. चौदा दिवस एकदाही नाही. घरी आला, यंत्र पुन्हा सुरू केले आणि त्याच रात्री थंडी वाजून ताप.

हे कोणाच्या ध्यानात आले? डॉक्टरांच्या नाही, माझ्याही नाही. वहिनीच्या आले. फोनवर म्हणाली, "भाऊजी, यंत्र बंद असलं की यांना ताप येत नाही. अन् घरात दुसऱ्या कुणालाच लागत नाही. ह्यो साथीचा ताप कसा?"

ती वाक्ये मी जशीच्या तशी छातीच्या डॉक्टरांपुढे ठेवली. आजवर कोणी विचारले नव्हते ते त्यांनी विचारले, "ताप आला त्या दिवशी दुपारी काय काम करत होता?" मग छातीचा फोटो, स्कॅन आणि यंत्रात फुंकर मारायची श्वासाची तपासणी झाली. त्यांनी सांगितले, की बुरशीच्या धुळीविरुद्ध फुप्फुस पेटून उठते, तसा हा आजार आहे. इंग्रज लोक याला शेतकऱ्याचे फुप्फुस असेच म्हणतात. १९३२ साली इंग्लंडमधल्या कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरने बुरसट गवतात काम करणाऱ्या शेतमजुरांत हा आजार प्रथम नीट वर्णन केला. आपल्याकडे साखर कारखान्याच्या जुन्या, बुरशी चढलेल्या चिपाडातूनही अगदी याच जातीचा आजार होतो.

याची ओळख पटायला एकच खूण पुरे. धुळीत काम केल्यावर लगेच नाही, तर ४ ते ८ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला आणि दम येतो, आणि धुळीपासून दूर राहिले की एक-दोन दिवसांत उतरतो. दुपारी काम, रात्री ताप, म्हणून धुळीवर कोणाचा संशय जात नाही. आणि आपोआप उतरतो, म्हणून जे औषध दिले असेल त्याला श्रेय मिळते. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण वरचेवर होत राहिला, तर फुप्फुसात कायमचे व्रण पडतात आणि ते व्रण मग औषधाने जात नाहीत. दादाचे थोडे तसे झाले आहे. माळवदाचा जिना तो आता दोनदा थांबून चढतो.

मळणीच्या सगळ्याच खोकल्यांना हे कारण असते असे मात्र नाही. धुळीने दमा उठतो, तो बहुधा तिथल्या तिथे, यंत्रापाशीच. तुरीच्या धुळीने अंगाला खाज सुटते आणि नाक वाहते. आणि दोन आठवड्यांवर खोकला राहिला, वजन उतरू लागले, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर धुळीवर ढकलून गप्प बसू नका. क्षयासाठी बेडका तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. दगडाच्या धुळीत काम करणाऱ्या पाथरवट आणि खडी क्रशरवरच्या मंडळींना तर क्षयाचा धोका इतरांहून जास्त. दगडातला गारेचा चुरा फुप्फुसाची रोगाशी लढणारी ताकदच मारतो.

धुळीने साथ पसरते का?

हा प्रश्न मला शिवारफेरीत बरेच जण विचारतात. धूळ उडाली म्हणून सर्दी-तापाचे जंतू शेतातून येत नाहीत, ते माणसाकडून माणसाकडे येतात. पण धूळ आणि कोरडी हवा त्यांना दार उघडून देऊ शकते. याचे मोठे उदाहरण आफ्रिकेत आहे, आणि त्याचे दुसरे टोक आपल्या पुण्यात.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत देशांचा एक पट्टा आहे. डिसेंबरपासून तिथे हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीने भरलेला वारा सुटतो. त्याच महिन्यांत मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापाची साथ येते. हा काही छातीचा रोग नव्हे, पण याचे जंतू माणसाच्या नाकाघशात राहतात आणि खोकण्या-शिंकण्यातून पसरतात. पुष्कळांच्या घशात ते निमूट बसून असतात, त्रास देत नाहीत. कोरड्या धुळीने घशाचे अस्तर सोलवटले, की त्यांना रक्तात शिरायला वाट मिळते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. आणि नवल असे, की पहिला पाऊस पडून धूळ बसली की साथही ओसरते. १९९६-९७ सालच्या साथीत त्या पट्ट्यात अडीच लाखांवर माणसे आजारी पडली आणि २५ हजारांवर गेली.

वारा थांबवणे कोणाच्या हाती नव्हते. म्हणून लस शोधली गेली, आणि ती त्या गरीब देशांना परवडेल अशा किमतीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशातून ती मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली. ज्या जातीच्या जंतूविरुद्ध ती होती, त्या जातीचा एकही खात्रीचा रोगी २०१७ नंतर त्या पट्ट्यात आढळलेला नाही. दुसऱ्या जातींचे जंतू अजून आहेत. त्यांच्यासाठी पाच जातींवर चालणारी नवी लस २०२४ साली नायजेरियात प्रथम दिली गेली, तीही पुण्याचीच. हरमॅटन अजून दर वर्षी वाहतोच.

यावरून पाऊस आला म्हणजे साथ गेली असा नियम करू नका. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यातही असतो. २००९ सालच्या स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तो ३ ऑगस्टला, भर पावसाळ्यात. पावसात माणसे दारे-खिडक्या लावून एका खोलीत बसतात, हे त्याचे एक कारण. आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरावर २१ नोव्हेंबर २०१६ रोजी वादळी पाऊस आला, तेव्हा गवताचे परागकण फुटून त्यांचा भुगा हवेत पसरला. हजारो लोकांना दम लागला, दहा जण दगावले. प्रत्येक रोगाचे हवामानाशी नाते वेगळे आहे. एका पिकाचे खताचे वेळापत्रक दुसऱ्याला लावत नाही, तसेच हे.

खळ्यावर काय करता येईल

पहिली गोष्ट गंजीची, कारण माझी चूक तिथेच झाली. ओले काड झाकून ठेवू नका, पसरा. उघडीप मिळेल तेवढ्या वेळात उलथापालथ करा. गंजी लावावीच लागली तर खाली पऱ्हाटीचा किंवा लाकडांचा थर द्या, गंजी लहान ठेवा, ताडपत्री फक्त डोक्यावर टाका, बाजू मोकळ्या ठेवा आणि ऊन पडले की तीही काढा. दाण्यात १३ ते १५ टक्के ओलावा असताना मळणी करावी. त्याहून ओले असेल तर दाणाही चेंगरतो, आणि फार वाळले तर फुटतो व धूळही वाढते. दाण्यासाठी आपण हे पाळतोच, आता छातीसाठीही पाळू. बुरसलेले काड वेगळे काढा. त्याची मळणी सगळ्यात शेवटी करा आणि त्याचे भुसकट, कोणी गुळी म्हणतो कोणी कुटार, ते घरालगत रचू नका. जनावरालाही घालू नका.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पावसाळा सरल्यावर आपल्या भागात वारा बहुधा ईशान्येकडून, पूर्वेकडून येतो. म्हणून यंत्र शक्यतो गावाच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला लावावे. तरी डोंगर-नाल्यांमुळे गावोगाव वारा वळतो, तेव्हा मूठभर भुसकट उधळून पाहावे. भुसकट फेकणारे तोंड वाऱ्याच्या दिशेने असावे आणि काड लोटणाऱ्याच्या पाठीवर किंवा कुशीवर वारा यावा. गावालगत रात्रीची मळणी टाळा. मला ठाऊक आहे, यंत्रवाला रात्रीचीच वेळ देतो आणि आभाळ आले असेल तर माणूस थांबत नाही. अशा वेळी निदान यंत्र गावापासून लांब न्या. पोरे, गरोदर बाया, दमेकरी आणि म्हातारी माणसे खळ्यावर नकोत.

तिसरी गोष्ट तोंडावरच्या कापडाची. टॉवेल, उपरणे किंवा पदर काडीकचरा अडवतो, बुरशीचा बारीक कण नाही. ओला केला तरी नाही. कोरोनात आपल्याला एन-९५ मास्क माहीत झाला, तो इथे उपयोगी आहे. नाकावर पट्टी घट्ट दाबावी, गालाच्या बाजूने हवा शिरता कामा नये. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही. घामाने, धुळीने श्वास जड झाला की बदलावा. आणि एकच गडी दिवसभर तोंडाशी उभा करू नये, तासा-दीड तासाने पाळी बदलावी. घरी गेल्यावर आधी कपडे बाहेर झटकून अंघोळ करावी, मग लेकरू घ्यावे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ताप कधी आला याबरोबर त्या दिवशी काय काम केले तेही न विचारता सांगा. मळणीच्या दिवशी कॅलेंडरवर एक फुली आणि तापाच्या दिवशी दुसरी फुली, एवढी नोंद पुरे. आमच्या वहिनीने पाठ केले होते, तुम्ही लिहून ठेवा.

दादाने यंत्र विकले नाही. ते आता पुतण्या चालवतो, आणि दादा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब लिंबाखाली बसून पोती मोजतो. यंत्रावरच्या चार गड्यांना मास्क कोणी द्यायचा, यावर आमच्या गावात अजून वाद आहे. यंत्रवाले म्हणतात, ज्याचे सोयाबीन त्याने द्यावा. शेतकरी म्हणतात, पोत्यामागे भाडे घेता त्यातच तो आला. मला विचाराल तर यंत्रवाल्याने द्यावा, कारण गडी हंगामभर त्याच्याकडे असतो आणि शेतकऱ्याकडे एकच दिवस. आमच्या यंत्रावर पुतण्या देतो. गेल्या हंगामात दोघांनी तो दुपारपर्यंतच लावला आणि गरम होते म्हणून काढून ठेवला. तेव्हापासून पाळी दीड तासावरून एका तासावर आणली आहे.